तिठ्यापर्यंतची सायकलवाट

कुडाळ
महाशिवरात्रीनंतरचा सोमवार

प्रिय नम्रता,

तुझी सायकलवाट झाली. गेल्या आठवड्यात कामगार शेवटचा हिरवा पट्टा मारून गेले, दोन दिवस दोऱ्या बांधून वाट बंद ठेवली होती, आणि आज सकाळपासून शाळेची पोरं तिच्यावरून जायला लागली. मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभी राहिले. मुली दोघीदोघी शेजारी शेजारी गप्पा मारत जात होत्या. आपल्या या रस्त्यावर सायकल चालवताना कुणी गप्पा मारलेल्या मला आठवत नाहीत. मागून हॉर्न वाजला की एका ओळीत व्हायचं, कडेच्या मातीत उतरायचं, पावसात तर चिखलात पडायचं, असंच चाललं होतं सगळं. आज एक मुलगी चक्क गात गेली. तुला हे सगळ्यांत आधी कळायला हवं असं वाटलं.

वाट हायस्कूलच्या फाटकापासून सुरू होते. व्हाळाच्या पाण्यावर जुन्या पुलाला लागून सायकलींसाठी नवा छोटा पूल बांधलाय, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. तिथून पुढे ती तिठ्यापर्यंत येते आणि थांबते. भिकाजीच्या हार्डवेअरच्या दुकानाअलीकडे पट्टा असा सरळ रेघेत तुटलाय, की पाहणाऱ्याला वाटावं रंग संपला. तिथून पोरं उतरतात आणि बाजारातल्या गर्दीतून सायकल ढकलत नेतात. तुझ्या नकाशात ती वाट बाजारातून थेट स्टेशनपर्यंत जात होती, हे मला माहीत आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. जेवढी झाली तेवढी छान झाली आहे.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा गावात सगळे हसले होते. कुडाळात सायकलींचा नकाशा? भाताचे मळे बुजवून पाच-पाच मजली इमारती उभ्या राहत होत्या, एमआयडीसीकडे जाणाऱ्या गाड्या वाढल्या होत्या, स्टेशनावर रिक्षांची रांग रस्त्यावर यायला लागली होती, आणि अशात पुण्याच्या कचेरीतून एक मुलगी येते आणि विचारते, सायकलवाले कुठून कुठे जातात? आमचे हे सुद्धा म्हणाले होते, "आता सायकल चलयता कोण?" एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला त्यांचा, सायकल म्हणजे त्यांना एसटीच्या मध्ये येणारी वस्तू. मग तू हायस्कूलात आमच्या कौस्तुभच्या वर्गात गेलीस. तो भूगोल शिकवायचा, त्याच्या तासाला मुलांना कोरे कागद वाटलेस आणि सांगितलंस, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा, आणि जिथे भीती वाटते तिथे काळा रंग द्या.

त्या दिवशी संध्याकाळी कौस्तुभ ते सगळे कागद घरी घेऊन आला आणि पडवीत पसरून बसला. मला हाक मारली, यांना हाक मारली. जवळजवळ प्रत्येक चित्रात व्हाळावरचा पूल काळा होता. एका लहान मुलीने तर पूल काढलाच नव्हता, रस्ता यायचा आणि एका काळ्या डागात शिरायचा, पलीकडून बाहेर निघायचा. हे चष्मा लावून कितीतरी वेळ ते चित्र बघत राहिले आणि मग उठून आत गेले. त्यानंतर ते सायकलींवरून कधी हसले नाहीत. जेवताना कौस्तुभ म्हणाला, "आई, एक मॅडम इल्यात पुण्याहून, आचऱ्याच्याच आसत पण मालवणी इसारल्यात." आणि मग तो तुझ्याबद्दल बोलतच राहिला. जेवताना एक शब्द न बोलणारा माझा मुलगा. भात पार थंड झाला. मी आई आहे ना, मला तेव्हाच कळलं.

ती दोन वर्षं मी फार सुखात होते, नम्रता. तू महिन्यातले काही दिवस यायचीस, मोजमाप करायचीस, शाळेतल्या मुलांना तिठ्यावर बसवून सायकली मोजायला लावायचीस, आणि दुपारी उन्हाने लाल होऊन आमच्याकडे सोलकढी प्यायला यायचीस. तू 'कुठे' म्हणालीस की कौस्तुभ 'खंय' म्हणायचा, तू परत 'कुठे' म्हणायचीस, असं चालायचं. भिकाजीचा तुझ्या पट्ट्याला विरोध होता. तो यांना रस्त्यात गाठून म्हणायचा, "मास्तरांका समजवा. त्या मॅडमच्या पट्ट्यार माझो टेम्पो खंय उभो रवतलो?" तू त्याच्याशी भांडली नाहीस. ओळीने कितीतरी सकाळी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहिलीस, माल कधी येतो, कसा उतरतो, गिऱ्हाईक गाडी कुठे लावतं, ते बघत. शेजारी कौस्तुभ. मग तू त्याला दाखवलंस की त्याचा टेम्पो शाळेची घंटा व्हायच्या आधीच रिकामा होतो, तेवढा वेळ तो पट्ट्यावर उभा राहिला तरी चालेल. भिकाजी त्या दिवशी हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या चार जणांशी बोलला आणि नाही म्हणाला. पण तुमच्या दोघांसाठी चहा मागवायचा मात्र त्याने कधी सोडला नाही.

आणि तू स्वयंपाकघरात मला विचारलंस तो दिवस. मी चुलीपाशी, तू विळीवर नारळ खवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "काकी, मी ह्या घरात इलंय तर तुमका चलात मा?" किती दिवस घोकून ठेवलं होतंस ते वाक्य, एकही शब्द चुकला नाही. मी म्हटलं, "आधी खोबरा नीट खव, करवंटी लागता हा त्येका." तू घाबरून माझ्याकडे बघितलंस आणि मी हसले, मग तूही हसलीस, आणि मग आपण दोघी रडलो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त बघायचा असं ठरलं. तुझ्या आत्या, हौसाबाई, आचऱ्याहून येऊन घर बघून गेल्या. परसातल्या विहिरीचं पाणी गोड आहे म्हणाल्या.

त्या सकाळबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. मी आज लिहिते, कारण लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. नवरात्र नुकतंच संपलं होतं. तुला पुलाची रुंदी पुन्हा मोजायची होती, शाळा भरायच्या आधी, रहदारी कमी असताना. टेपचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं त्याच्या. समोरासमोरून दोन डंपर आले, चिऱ्यांनी भरलेले. पूल तर एकाच डंपरच्या रुंदीचा. तू कठड्याला चिकटलीस, तो पलीकडच्या टोकाला होता, त्याला चिकटायला कठडाच नव्हता. तिथला कठडा आधीच्या पावसाळ्यात पडला होता.

गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलपर्यंत रुग्णवाहिकेत त्याचं डोकं तू मांडीवर घेऊन होतीस. आम्ही मागून पोचलो तेव्हा तू बाहेरच्या बाकावर बसली होतीस आणि टेप अजून तुझ्या हातात होती, गुंडाळलेली सुद्धा नाही. मला बघून तू म्हणालीस, "काकी, मीच त्याला बोलावलं." मी तुझ्या तोंडावर हात ठेवला होता. आठवतं का तुला? गावात लोक बोलले, बोलणारच. तुझ्याबद्दल 'त्या चेडवाच्या नादान' असंही कुणी म्हणालं. आमच्या घरात कुणी म्हटलं नाही. यांनी नाही, मी नाही, मनातसुद्धा नाही. त्या पुलावरून माझा मुलगा तुझ्या आधी कितीतरी वर्षं रोज जात होता. तू त्याला तिथे भीती पुसायला नेलं होतंस. हे मी तुला तेव्हा नीट सांगायला हवं होतं, पण तेव्हा माझ्याकडे बोलण्याइतकं बळ नव्हतं.

तो वाचला. शुद्धीवर आला आणि मला बघून "आई" म्हणाला, तेव्हा मी धावत बाहेर येऊन तुला आत ढकललं. तुझ्या ओढणीवर तेव्हाही रक्ताचा वाळलेला डाग होता. त्याने तुझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि एका हाताने नमस्कार केला. अनोळखी माणसाला करतात तसा. मी दारात उभी होते. तुझा चेहरा मला दिसला नाही, तुझी पाठ दिसली. पुढे कितीतरी दिवस मला डोळे मिटले की तीच पाठ दिसायची.

डॉक्टर म्हणाले, येईल आठवण, वेळ लागेल. आपण सगळ्यांनी तो शब्द धरून ठेवला. तू पुण्याहून येत राहिलीस. त्याला चालायला शिकवताना एका बाजूला हे आणि एका बाजूला तू असायचीस. त्याला तुमचे फोटो दाखवलेस, मुलांची ती चित्रं दाखवलीस, भिकाजीच्या दुकानात नेऊन त्याच स्टुलावर बसवलंस. तो सगळं शांतपणे बघायचा, मग तुला म्हणायचा, "मॅडम, तुमका खूप तरास होता माझ्यापायी."

आणि त्यातही तू नकाशा सोडला नाहीस. कचेरीने दुसऱ्या कुणाला पाठवायचं ठरवलं होतं, तर तू हट्ट करून परत आलीस. वाटेच्या मंजुरीची सभा झाली त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते, तुला माहीत नव्हतं. हॉल भरला होता. तू मुलांची चित्रं एकेक करून भिंतीवर लावलीस. कौस्तुभचं नाव एकदाही घेतलं नाहीस. कुणीतरी उठून बऱ्या मनाने म्हणाला, "मॅडम, झाला ता झाला, तुमका दुख्ख आसा ह्या आमका कळता, पण आता हो विषय सोडा." तू म्हणालीस, "विषय माझो नाय. पोरांचो आसा." तुझी मालवणी मी त्या दिवशी इतकी स्वच्छ पहिल्यांदा ऐकली. कुणी शिकवली होती, ते त्या हॉलमध्ये फक्त तुला आणि मला माहीत होतं. पूल मंजूर झाला, तिठ्यापर्यंतची वाट मंजूर झाली. बाजारातला भाग पुढच्या टप्प्यावर ढकलला गेला. भिकाजी शेवटपर्यंत खाली मान घालून बसला होता. विरोधही केला नाही त्याने, हातही वर केला नाही.

आता कौस्तुभचं सांगते. तू विचारतेस तेव्हा मी 'बरा आहे' म्हणते, ते खोटं नाही. सकाळी उठतो, डाव्या हाताने घरासमोरचं खळं झाडतो. उजवा हात अजून तसाच, पण बोटं थोडी मिटतात. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने सांगतो, वर्गासमोर उभा असल्यासारखा, एकही चुकत नाही. शाळेतले जुने मित्र आले की त्यांना नावाने हाक मारतो. जेवला की नाही, हे मात्र विसरतो. आणि तू त्याच्या आयुष्यात आल्यापासूनचं काहीच त्याला आठवत नाही. पाटी ओल्या फडक्याने पुसावी तशी ती वर्षं स्वच्छ आहेत. बांबोळीच्या डॉक्टरांना आम्ही दिवाळीनंतर पुन्हा दाखवलं. या वेळी ते 'वेळ लागेल' म्हणाले नाहीत. आता आहे असाच राहील, सांभाळा, म्हणाले. घरी येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत राहिले आणि कौस्तुभ यांना प्रत्येक पुलाखालच्या नदीचं नाव सांगत होता.

आणखी एक गोष्ट आहे. तू येऊन जातेस ना, तू गेल्यावर तो जेवत नाही. तू त्याच्यासमोर रडत नाहीस, मला माहीत आहे, परसात विहिरीशी जाऊन तोंड धुऊन येतेस. पण त्याला दिसतं. मागच्या वेळी तू रिक्षात बसलीस, रिक्षा वळली, आणि तो मला म्हणाला, "आई, तां चेडू कित्याक रडता? माझा काय चुकला?" मी म्हटलं, काही चुकलं नाही तुझं. तो पडवीत बसून राहिला. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, "आठवणा नाय. पण कायतरी वायट केलंय मी." तू आलेलीस हे तो विसरला होता. तुझं रडणं विसरला होता. धास्ती तेवढी राहिली होती. ती मग तीन-चार दिवस राहते. झोपेत दचकतो, यांचा हात सोडत नाही.

आज वाट उघडली म्हणून आम्ही त्याला घेऊन गेलो. यांनी त्याच्यासाठी तीन चाकांची सायकल आणलीये, मोठ्या माणसांसाठी मिळते ती. शाळा भरल्यावर, वाट मोकळी झाल्यावर गेलो. आधी हे मागून धरत होते, मग सोडून दिलं. डावा हात हँडलवर, उजवा मांडीवर, आणि तो चालला. नव्या पुलावर आम्ही पोचलो आणि माझे पाय थांबले. शेजारी तो जुना पूल, तेच टोक. एक डंपर तिथून गेला, सगळा पूल थरथरला, आणि कौस्तुभ आमच्या या छोट्या पुलावर कठड्याच्या आत आरामात उभा होता, खाली व्हाळात बघत. मागे वळून म्हणाला, "आई, दमलंस काय?" मी म्हटलं, नाही रे. मग त्याने पट्ट्यावर बोट दाखवलं. "हो रस्तो कोणी केल्यान?" यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एका चेडवान." तो वाकून पट्ट्याकडे बघायला लागला, मला वाटलं, देवा, आता. तो म्हणाला, "बरो केल्यान. पोरांक बरो झालो. तिका सांग हां, आई." आणि पायडल मारून पुढे गेला.

त्याने सांग म्हटलं म्हणून सांगितलं. पण मी कागद घेऊन बसले ते वेगळ्या कारणाने. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी हौसाबाई येऊन गेल्या. तुझ्या कचेरीतल्या विश्वेशबद्दल त्यांनी सांगितलं. तो कधीपासून थांबलाय, घरचे चांगले आहेत, आणि तू आत्याला म्हणालीस, माझं लग्न कुडाळात झालंय, पुन्हा विचारू नका. हौसाबाई माझ्यापाशी हात जोडून रडल्या. बाळा, लग्न झालं नव्हतं. व्हायचं होतं, आणि झालं असतं तर माझ्याइतकं कुणी आनंदी नसतं, पण झालं नव्हतं. विश्वेशला हो म्हण की नाही म्हण, ते तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही. कौस्तुभसाठी मात्र थांबू नकोस. तू ज्याची वाट बघतेस तो आता येणार नाही, आणि जो आमच्याकडे आहे त्याला तू आलीस की भीती वाटते. म्हणून शिमग्याला तू येणार आहेस ते येऊ नकोस. त्यानंतरही येऊ नकोस. त्याला आम्ही सांभाळू, आणि आमच्यानंतरचंही आम्ही काही ठरवलंय, त्याची काळजी करू नकोस. उत्तर पाठवू नकोस, आणि काही दिवस फोनही करू नकोस. हे सगळं मी फोनवरच सांगणार होते. परवापासून कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तू पलीकडून 'काकी' म्हणाली असतीस, आणि माझ्या तोंडून 'ये' असंच गेलं असतं.

तुझीच,
लक्ष्मीकाकी